मागे बसणाऱ्याचेही एक शास्त्र असते

(बी. ए. द्वितीय वर्ष)

दुचाकी चालवायला शिकावे लागते, हे सर्वांना मान्य आहे. पण दुचाकीवर मागे बसायलाही शिकावे लागते असे म्हटले की लोक हसतात. "त्यात काय शिकायचे? टांग टाकली की झाले!" असे उत्तर मिळते. मीही पूर्वी असेच म्हणत होते. आज तसे म्हणवत नाही. त्याचे कारण आधी सांगते आणि मग विषयाकडे वळते.

आमचे गाव गोरेगाव तालुक्यात आहे. घरी दोन एकर धानाची बांधी. हंगाम संपला की बाबा राईस मिलमध्ये हमाली करतात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. बाबा गाडी शिकले तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशी गाठली होती. जुनी गाडी विकत घेतली आणि कापणी झालेल्या बांधीत दोन दिवस फिरवली. तिसऱ्या दिवशी आईला मागे बसवून ते बाजाराला गेले. त्यांना कोणी शिकवले नाही आणि आईला तर शिकवण्याचा प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतर आपल्या भागात गावोगाव मंडई भरते, हे वाचकांना सांगायला नको. सडक अर्जुनी तालुक्यात आईचे माहेर. तेथील मंडई पाहून आई, बाबा आणि माझा सात वर्षांचा भाऊ रात्री परतत होते. भाऊ पुढे टाकीवर बसला होता. आई मागे, लुगड्यामुळे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर खाऊची पिशवी घेऊन बसली होती. दिवसभराच्या जागरणाने तिचा डोळा लागला. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला, रस्त्यातला गतिरोधक बाबांना उशिरा दिसला, त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी उसळली. वेग फार नव्हता. बाबा अजूनही म्हणतात, वीस-पंचवीसच असेल. थोडे पुढे गेल्यावर भाऊ मागे वळून म्हणाला, "बाबा, आई नाही."

आई वाचली. गोंदियाला आठ दिवस दवाखान्यात होती. डोक्याच्या मागच्या बाजूला टाके पडले. पुढे जखम भरली, ती कामाला लागली. मात्र घरी आल्यावर कळले की तिला वास येत नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, नाकाच्या वरच्या भागात चाळणीसारखे एक हाड असते. त्याच्या छिद्रांतून वास ओळखणारे बारीक मज्जातंतू मेंदूकडे जातात. डोके जोराने आपटले की मेंदू आत हलतो आणि हे तंतू तुटू शकतात. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. आईचा आला नाही. आपला जिल्हा धानाचा. नवा तांदूळ शिजतो तेव्हा गल्लीभर वास येतो. तो वास आता आईला कळत नाही. चुलीवर भात ठेवला की ती मला हाक मारते, "भात लागला का पाह्य बरं." ती हाक ऐकली की बाबा उठून अंगणात जातात.

बाबांनी सहा महिने गाडीला हात लावला नाही. गाडी चादरीखाली उभी होती. पुढे मी महाविद्यालयात नाव घातले. बस फाट्यावरून मिळते आणि फाटा आमच्या घरापासून सहा किलोमीटर. तेव्हा बाबांनी चादर काढली. पण मला बसवण्यापूर्वी ते म्हणाले, "पोत्यावानी बस पोरी, आंग सैल नोको सोडू." माझा पहिला धडा तो. त्यानंतर दोन वर्षांत जे शिकले, वाचले आणि पुढे स्वतः परवाना काढल्यावर जे अनुभवले, ते येथे मांडत आहे.

तोलाचा प्रश्न

बैलगाडी चार माणसे बसली काय किंवा सहा बसली काय, उभी राहते. दुचाकीचे तसे नाही. ती चालली तरच उभी राहते आणि तिचा तोल चालवणारा क्षणोक्षणी सांभाळत असतो. आपल्याकडच्या साध्या शंभर सी.सी.च्या गाडीचे वजन सुमारे ११० किलो असते. मागे बसणारा माणूस ५५ किलोचा धरला, तर गाडीच्या निम्म्या वजनाचे एक हलते-बोलते ओझे तिच्यावर चढते. तेही खाली नव्हे, तर उंचावर आणि मागच्या चाकाच्या जवळपास. त्यामुळे तीन गोष्टी घडतात. पुढचे चाक हलके होते व हँडल नेहमीपेक्षा सैल वाटते. सावकाश चालताना व थांबताना गाडी कलंडण्याची भीती वाढते. आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त जागा लागते.

वळणावर गाडी आतल्या बाजूला झुकते. नवखा माणूस घाबरून उलट बाजूला झुकतो. त्याला वाटते, आपण तोल सावरतो आहोत. प्रत्यक्षात चालवणाऱ्याला तेच वळण घेण्यासाठी गाडी आणखी झुकवावी लागते. म्हणजे वाचवण्याच्या हेतूने आपण धोका वाढवतो. म्हणून नियम असा की, गाडी जशी झुकेल तसेच तिच्याबरोबर झुकावे, न कमी न जास्त. वळण ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या चालवणाऱ्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिले की शरीर आपोआप योग्य तेवढे कलते. बाबांचे 'पोते' मला येथे नीट समजले. घट्ट बांधलेले पोते गाडीबरोबर झुकते. सैल बांधलेले पोते वळणावर ओढ देते. हमाली करणाऱ्या माणसाला जे खांद्याने कळले, ते मला पुस्तकाने नंतर सांगितले.

वेगाचा हिशेबही समजून घ्यावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ११ मीटर तसेच निघून गेले. नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागला तरी आणखी १२ मीटरच्या आसपास लागतात. वेग ६० केला तर हीच बेरीज सुमारे ४५ मीटरवर जाते. वेग दीडपट झाला आणि थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले! कारण ब्रेकला जी शक्ती जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

बसावे कसे?

चढण्यापूर्वी विचारावे. चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आहेत व पुढचा ब्रेक धरला आहे, हे पाहावे आणि त्याने 'बस' म्हटल्यावरच चढावे. चढणे-उतरणे डाव्या बाजूने. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो आणि घाईने उजवीकडून उतरणाऱ्या कित्येकांच्या पोटरीवर त्याचा डाग आहे. शिवाय डावी बाजू रस्त्याच्या कडेची असते. चढताना चालवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, डावा पाय पायदानावर टेकवून, उजवा पाय पलीकडे टाकावा. बसल्यावर 'बसले' असे तोंडाने सांगावे. हा एक शब्द न बोलल्यामुळे गाडी पुढे आणि माणूस मागे, असे प्रसंग मी दोनदा पाहिले आहेत.

दोन्ही पाय पायदानावर ठेवावेत आणि गाडी थांबली तरी खाली टेकवू नयेत. ते काम चालवणाऱ्याचे. गुडघे जवळ घ्यावेत. हातांनी चालवणाऱ्याची कंबर धरावी किंवा मागची कडी धरावी. त्याचे खांदे धरू नयेत, कारण खांदे ओढले की हँडल ओढले जाते. परक्या माणसाच्या मागे बसण्याचा प्रसंग आला तर मुलींनी संकोचाने हात मोकळे सोडू नयेत. कडी आहेच. मध्ये दप्तर ठेवावे आणि कडी पक्की धरावी. ब्रेक लागेल असे दिसले की मांड्यांनी व हातांनी स्वतःला आवरावे, चालवणाऱ्याच्या पाठीवर आदळू नये.

ओढणी गळ्याभोवती सोडून बसू नये. तिचे टोक चाकात गेले तर ती गळ्याला फास होते. कमरेला बांधावी किंवा दप्तरात ठेवावी. पावसाळ्यात मागे बसून छत्री उघडण्याची आपल्याकडे फार हौस आहे. वारा छत्रीत शिरला की ती शिडासारखी ओढते आणि छत्री, माणूस व गाडी यांचा तोल एकाच वेळी जातो. रेनकोट घ्यावा, नाहीतर आडोशाला थांबावे. चालत्या गाडीवर मोबाईल पाहू नये. झोप येत असेल तर सांगावे. हे शेवटचे वाक्य मी लिहिते आहे तेव्हा मला आई दिसते आहे. तिने सांगितले असते तर बाबा नक्की थांबले असते. पण 'त्यांना थांबवायचे कशाला' असे तिला वाटले.

एका बाजूला बसण्याबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. एका बाजूला बसले की दोन्ही पाय डावीकडे, बहुधा एकाच पायदानावर. गुडघ्यांनी आधार घेता येत नाही, वळणावर गाडीबरोबर झुकता येत नाही आणि उसळी बसली तर पाठीमागे अडवायला काही नसते. ज्यांना लुगड्यामुळे तसे बसावेच लागते त्यांनी कडी दोन्ही हातांनी धरावी, मांडीवर ओझे घेऊ नये, आणि चालवणाऱ्याने वेग निम्म्यावर आणावा. पण जिला शक्य आहे तिने दोन्हीकडे पाय टाकून बसावे. मी पहिल्यांदा तशी बसले तेव्हा आजी म्हणाली, "पोरीच्या जातीनं दोन्हीकडं पाय टाकून बसते का वो?" मी काही बोलले नाही. बाबाच म्हणाले, "आता अशीच बसन." आजी पुन्हा बोलली नाही.

चालवणाऱ्याचे कर्तव्य

मागे माणूस बसला की गाडी एकट्याची राहत नाही. मागच्या चाकात दोघांसाठी जास्त हवा लागते. तिचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. गिअर सावकाश टाकावा, ब्रेक लवकर व हलका धरावा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे. गतिरोधक किंवा खड्डा दिसला की मागच्याला सांगावे, कारण त्याला समोर फक्त पाठ दिसते. आम्ही बापलेकींनी खुणा ठरवल्या आहेत. मी एकदा पाठीवर थाप दिली की 'हळू', दोनदा दिली की 'थांबा'. हेल्मेटमध्ये बोललेले ऐकू येत नाही, पण थाप कळते.

आमच्यातील काही मित्रांना मागे कोणी बसले की वेग दाखवण्याची इच्छा होते. मागचा किंचाळला की त्यांना मौज वाटते. माझे त्यांना नम्र सांगणे आहे की, मागे बसणाऱ्याच्या हाती ना हँडल असते ना ब्रेक. त्याने आपला जीव विश्वासाने तुमच्या हाती दिलेला असतो. त्याला भिववण्यात पराक्रम नाही. आणि मागे बसणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे. दारू प्यालेल्या किंवा ऐकून न घेणाऱ्या माणसाच्या मागे न बसण्याचा अधिकार आपल्याला आहे. 'मी बसने येते' म्हणण्यात कोणाचा अपमान नाही.

आपल्या जिल्ह्याचे रस्तेही ध्यानात घ्यावेत. धान निघाला की रस्त्याच्या कडेला तो वाळत घातलेला असतो आणि त्यावरून चाक घसरते. मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. गोरेगाव ते कोहमारा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे मोटारीची धडक बसून एक वाघ मेला. जो रस्ता वाघाला ओलांडता आला नाही, तेथे रानडुक्कर किंवा हरीण दुचाकीसमोर आले तर काय होईल, याचा विचार करावा. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी एस.टी. बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटून दहा-अकरा प्रवासी दगावले. समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना तसे घडले, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. त्या दिवसापासून मला वाटते, दुचाकीस्वार फक्त आपल्या मागच्याचाच नव्हे, तर रस्त्यावरील साऱ्यांचाच विश्वस्त असतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकच व्यक्ती बसू शकते आणि तीही मागच्या पक्क्या आसनावर. म्हणजे आमचा भाऊ टाकीवर बसला होता तेच मुळात चुकीचे होते. कलम १२९ हेल्मेटविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, मग ती चालवणारी असो की मागे बसणारी. पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे. त्यांना चालवणाऱ्याशी जोडून ठेवणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. शिकाऊ परवाना असताना शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ वा नियम मला फार आवडला. मागे माणूस बसवायचा असेल तर गाडीला धरायला कडी, पाय ठेवायला पायदान आणि मागचे चाक निम्मे तरी झाकेल असे संरक्षण असलेच पाहिजे, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत, असे तो सांगतो. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. गाडी छान दिसावी म्हणून ते काढून टाकणारे तरुण मी पाहते. दिल्लीत नियम लिहिणाऱ्याला आपल्या आईच्या लुगड्याची काळजी होती आणि मुलाला नाही, असे तेव्हा वाटते.

हेल्मेट

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडात मोटारसायकल अपघातात जखमी झाले व सहा दिवसांनी वारले. डोक्याला हेल्मेट नव्हते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. हा मृत्यू केर्न्स यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व सांगणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती झाली. सामान्य नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये ती १९७३ साली आली.

हेल्मेटचे काम सोपे आहे. बाहेरचे कवच मार पसरवते आणि आतला थर्मोकोलसारखा थर दबून डोक्याला थांबायला थोडा अवधी देतो. म्हणूनच एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी उडून जाते. 'गावातल्या गावात कशाला?' असे विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब देते. मागे बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. गाडी उभी असताना तो नुसता खाली पडला तरी डोके ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटते. वेग गाडीनेच द्यावा लागतो असे नाही. तो पृथ्वीही देते.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक रस्त्यावर मृत्यू पावले. त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. अपघाताची बातमी येते तेव्हा आपण 'चालवणारा कोण होता?' असे विचारतो. मागे बसलेल्या या चौदा हजारांना कोणी बसायला शिकवले होते का, हे विचारत नाही.

शेवटी

आईच्या अपघाताचा दोष कोणाचा, याचा मी खूप विचार केला. बाबांचा? त्यांना कोणी शिकवले नव्हते. आईचा? तिला तर 'बस' एवढेच सांगितले होते. पहिल्या पिढीत गाडी घरात येते, पण गाडीबरोबर तिची रीत येत नाही. ती आपण शिकलेल्यांनी घरी न्यायची असते. महाविद्यालयात येऊन आपण घरी काय नेले, असे कोणी मला विचारले, तर पदवीच्या आधी मी हे सांगेन.

माझ्या शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी दोन हेल्मेट घेतली. आई प्रथम लाजली. "लोकं हासतीन" म्हणाली. मग तिने लुगड्याखाली बाबांचा जुना पायजमा चढवला, काष्टा मारला आणि दोन्हीकडे पाय टाकून बसली. या वर्षी ती मंडईला गेली, तीही माझ्या मागे. भाऊ बाबांबरोबर बसने आला. मुरदोलीच्या वळणावर मी गाडी झुकवली तेव्हा तीही माझ्याबरोबर झुकली. गतिरोधकाआधी मी तिला ओरडून सांगितले आणि तिने कंबर घट्ट धरली. अंधार पडायच्या आत आम्ही घरी पोचलो.

उतरण्यापूर्वी तिने विचारले, "आता उतरू का?" मी दोन्ही पाय टेकवले, ब्रेक धरला आणि म्हटले, "उतर, माय."